रविवारची चिप-तपासणी

बंगळुरूची ती स्टार्टअपमधली नोकरी मी का सोडली, हे तुम्ही दर वेळी विचारता. तर ऐका. आम्ही मोजकी पोरं मिळून नेटवर्कची चिप बनवत होतो. कुठला निरोप कुठल्या वाटेनं धाडायचा ते ती ठरवायची, आणि तिचे नियम आम्हाला हवे तेव्हा बदलता यायचे.

एका रविवारी ऑफिसात एकटाच होतो. तिकडे मुरबाडला, सिद्धगडाच्या पायथ्याशी, आई एकटी. मी फोन लावला.

"काय करतोस रे?"

"चिप तपासतोय. निरोप पाठवत बसलोय."

"कोनाला?"

"कोणालाच नाय गो. चिपची वायर फिरवून चिपलाच लावलीय. मीच पाठवतो, तो माझ्याकडेच परत येतो."

"मग त्यात बघायचं काय?"

"वाटेत काही सांडलं नाय ना, एवढंच."

मला वाटलं, आता विचारणार, याचा पगार देतात?

आई म्हणाली, "मी पन जेवाया बसायच्या आधी परसात जाऊन तुला हाक मारते. गडाच्या कड्यावरनं ती माझ्याकडंच परत येते. एक अक्षर सांडत नाय. सांग तुझ्या सायबाला."