लाल अक्षर ऐकू येत नाही

—नाही सर, बिघडलं नाहीये, मीच काढलाय तो लाल रंग. आणि ते लुकलुकणंपण. बसा ना — ती खुर्ची नको, तिच्यावर दुपटी वाळतायत — हां, इथे. मंजुळा झोपलीये, म्हणून हळू बोलते. दवाखान्याचं हे इंटरनेटचं पान उद्या द्यायचंय, ते पसंत पडलं तरच घरी बसून करायचं काम मला मिळणार — सगळं ठाऊक आहे. म्हणून तर काल दहादा रंग काढला नि दहादा घातला.

कशाला काढला? सांगते. समोरचे शिवरामकाका, दृष्टी नाही त्यांना, ऑफिसात टेलिफोन सांभाळतात — तिथे वाचून दाखवणारा कॉम्प्युटर आलाय. मी आपली हौसेने फ्लॉपी घेऊन गेले. तो वाचत सुटला, सगळं एका सुरात! संपल्यावर काका म्हणाले, "छान गं पोरी, पण यात महत्त्वाचं काय?" म्हटलं, "ते लाल आहे ना, मोठं!" तर हसायला लागले. "लाल तुला ऐकू येतं होय?" मी काय बोलून बसले माहितीये? "आमच्या सरांनीच असं शिकवलंय" — सॉरी सर, गेलं तोंडातून.

पण चुकलं काय माझं? बघणाऱ्याला कळतं, मोठं अक्षर म्हणजे मथळा. मशीनला कोण सांगणार? परवा लस टोचायला गेलेले, तर बाहेरगावच्या नव्या नर्सबाईंनी मंजुळाच्या गालावरची तीट पुसून टाकली — काजळ फासलंय म्हणून! त्यांना डाग दिसला, मला दृष्ट लागू नये म्हणूनची खूण. तसंच हे. म्हणून आता पानाच्या आत, मशीनला कळतील अशा खुणाच घातल्यात — हा मथळा, हे महत्त्वाचं. आता तो मथळ्यापाशी थांबतो, महत्त्वाच्या ओळीला आवाज बदलतो. काकांनी ऐकलंय.

सपक दिसतंय? दिसतंय खरं. मलाही आधीचंच आवडायचं, खोटं कशाला बोलू. त्याच खुणांवर रंग चढवते ना, दोन दिवस द्या फक्त. — जुनी फ्लॉपी? आहे की... म्हणजे, आहे, पण देणार नाही. बघा, काम हातचं घालवतेय बहुतेक मी.

असं करा, डोळे मिटा. मिटा हो! जुनं इंग्रजी पान वाचते, त्या मशीनसारखं, पण मराठीत. "टोचलेली जागा चोळू नये अंगावर पाजत राहावे दोन दिवसांत ताप न उतरल्यास ताबडतोब आणावे लंगोट सैल बांधावा दवाखाना रविवारी बंद." — आता सांगा, बाळाला घेऊन कधी पळायचं?

...काय म्हणालात, रविवारी? रविवारी तर बंद!

सर! हसू नका, उठेल ती — उठलीच. निघा आता तुम्ही. दिलेत ना दोन दिवस? परवा संध्याकाळी या.