दूधपेढीतल्या बाटल्या

ताई : अजून एकदा उघड ना ते पान.

धाकटा : किती वेळा उघडू? पान उघडतंय, लॉगिन होतंय. आत नोंदींचे तक्तेच नाहीत.

ताई : सकाळी आठला होते. मी स्वतः एका आईच्या दुधाची बाटली नोंदवली. मग तू आलास नि म्हणालास, नवीन आवृत्ती टाकतो, पाच मिनिटांचं काम.

धाकटा : जुना कंटेनर काढून नवा लावला, एवढंच.

ताई : मला कळेल असं सांग. मी नर्स आहे.

धाकटा : कंटेनर म्हणजे डबा समज. ते पान आणि तुमच्या नोंदी, दोन्ही मी एकाच डब्यात भरलं. नोंदी डब्याबाहेर ठेवायच्या असतात, म्हणजे डबा टाकला तरी त्या राहतात. तेवढी एक ओळ लिहायची राहिली. दोन वर्षं डबा काढलाच नाही, म्हणून कळलं नाही.

ताई : आणि रोजचा बॅकअप? छाती ठोकून सांगायचास.

धाकटा : रोज होत होता. त्याच डब्यात.

ताई : धन्य आहेस.

धाकटा : सर्व्हरवाल्यांना दोनदा फोन केला, ताई. ते म्हणतात, पुसलं गेलं.

ताई : पूर्वी आम्ही बाटलीवर आईचं नाव लिहायचो, मार्करनं. तूच म्हणालास, नावं उघड्यावर नकोत, नुसता नंबर टाका.

धाकटा : लॅबकडे आयांच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट असतील की.

ताई : आयांच्या नावानं आहेत. कुठला नंबर कुठल्या आईचा, ते तुझ्या डब्यात होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाचं दूध ते माहीत नसेल तर एक थेंबही द्यायचा नाही. सगळं टाका.

धाकटा : आणि आतल्या वॉर्डातली बाळं?

ताई : चार आहेत. दोघांच्या आयांना दूध आहे. उरलेल्या दोघांना तीन वाजता पावडरचं दूध. त्यातलं एक नऊशे ग्रॅमचं आहे. त्याच्या पोटाला झेपलं तर झेपलं.

धाकटा : मी काय करू, सांग ना. काहीही सांग.

ताई : काही नाही रे. तेच तर.

(ताई फ्रीझरचं दार उघडते.)

धाकटा : या सहा बाटल्यांना निळे रबरबँड का?

ताई : एका आईनं लावलेत. तिचं बाळ गेलं, तरी आठवडाभर येऊन दूध देत होती.

धाकटा : म्हणजे या कुणाच्या ते तुला माहीत आहे. मग या तरी ठेव.

ताई : तिचे रिपोर्ट आले होते का, ते मला आठवत नाही. आठवणीवर बाळाला दूध पाजता येत नाही.

धाकटा : दे इकडे, मी ओततो. तू नको बघू.

ताई : दगड झालाय त्याचा, ओतशील कसा? आधी वितळायला हवं. त्या टबात पाणी घे, बाळांसाठी घेतो तसं कोमट.

धाकटा : गरमच घेतो, लवकर होईल. टाकायचंच आहे ना?

ताई : कोमट घे.