गिलाव्यावरचे चिरे

हॅलो?… कोण, ऋजुता? बोल गो… नाही, जप झाला, वाती वळत्ये. आणि बघ, आत्ता सासूबाईंचाच आवाज आठवत होता. 'नीरजा, बंदरावरच्या धर्मशाळेच्या भिंतीतली देवळी दिवेलागणीला काळोखी ठेवू नकोस. शेजारच्या विहिरीत उतरणाऱ्याला पायरी दिसली पाहिजे.' जाताना शब्द घेतला माझ्याकडून…

हो, हो… ऐकत्ये. उद्या धर्मशाळेचं उद्घाटन? तुझीच ना ती सुशोभीकरण समिती?… मी स्टेजवर? समई पेटवायला?… पत्रिकेत काय छापलंत? 'ज्येष्ठ वारसाप्रेमी'! अगं, मी कसली प्रेमी? रोज तेल घालणारी बाई मी.

बघितली ना, काल दिवा लावायला गेले तेव्हा बघितली. घमेलीबिमेली पडली होती… फार सुंदर. नाही गो, टोमणा नव्हे. इतकी वर्षं जांभ्याचे चिरे उघडे उभे होते, त्यांना गिलावा केलात. आणि गिलाव्यावर ब्रशाने चिरे काढलेत! गेरूचा रंग, पांढऱ्या रेघा… सल्लागार पुण्याचे? मग बरोबर. वैशाखात हापूसला पिवळा रंग मारायलाही बोलवा हो त्यांना.

छे, रागावले नाही. माझा आवाज कधी चढलाय?… हो, तो 'आय लव्ह'वाला लाल बदामही बघितला. विहिरीच्या तोंडाशीच लावलात. फोटोला मागे सरकलं की थेट पाण्यात. चांगली सोय.

बरं, देवळीतली माझी पणती कुठे ठेवलीत?… म्हणजे?… देवळी बुजवली?… भिंत एकसारखी दिसायला. अच्छा… काजळी दिसत होती? दिसणारच! दिवा लागत होता तिथे.

आणि चिमा मासे विकून येते, कळशी घेऊन उतरते, ती कशाच्या उजेडात उतरणार?… फोकस? भिंतीवर मारलेला? म्हणजे रंगवलेले चिरे उजळणार आणि खरी पायरी काळोखात. धन्य हो तुमची!

समई पाहुण्यांकडून पेटवून घ्या. मला आजचं पडलंय. तो दिवा लागल्याशिवाय मी पाणी घेत नाही, ठाऊक आहे ना?… काय म्हणालीस? आजच्यापुरती सूट? देवाला समितीतर्फे कळवणार आहेस का?

बरं, देवळीवर गिलावा कधी फिरवला?… आज दुपारी? मग ओलाच असेल अजून… नाही, सहज विचारलं.

कसला आवाज? काही नाही, उलथनं शोधत्ये… धिरडी कुठली गो, सोमवार माझा!… सोबतीला तुझ्या रितेशला नको पाठवू. एकटी जाईन, रोजचीच वाट… अगं ऐक ना, तुमच्या रंगाला हात नाही लावायची. मला देवळीएवढी जागा पुरे.

रडतेस काय वेड्यासारखी? पाहुण्यांनी विचारलं तर सांग, काजळी मूळची आहे. तेवढंच एक खरं राहील त्या भिंतीवर…

तेलाची बाटली… हां, सापडली. ठेव गो आता. चिमा कळशी घेऊन निघालीसुद्धा असेल.