वहीतलं एकशे तीस

मशीन बिघडल्यालं न्हाय, पावणं — बदलून काय देऊ? पहिल्यांदा एकशे अठ्ठावन्न, मग एकशे चाळीस, नाडी एकदा शहात्तर, एकदा नव्वद — म्हंजे खोटं दावतंय व्हय? रक्तदाब काय भिंतीतला खिळा हाय, एका जागी ऱ्हायाला? जिना चढून लगीच पट्टा बांधलासा आसंल, न्हायतर च्या पिऊन. पाच मिनटं गप बसायचं, पाठ टेकून, हात टेबलावर छातीच्या उंचीला — बोलायचं न्हाय. मिनटभर थांबून परत बघायचं. आन् दोन्ही आकडं लिवायचं. दोन्ही. चांगला तेवढाच न्हाय.

मंडळींसाठी घेतलंय व्हय? मग ऐकाच. आमची शिवलीला — माझी बायको — आकड्याला लई भ्यायची. दोन हजार चार साल, पोरीचं, पवित्राचं लगीन ठरल्यालं. दुकानातलंच मशीन मी घरी नेलतं. एकशे सत्तर आलं की ही जेवायची न्हाय, ‘पोरीच्या अक्षता बघाय मिळत्यात का न्हाय’ म्हणून रडत बसायची. मग मीच मशीन माझ्याकडं फिरवून धरायचो आन् सांगायचो, ‘एकशे तीस गं.’ वहीतबी तेच लिवायचो. भाकरी खायची वो ती मग — मला वाटलं, मनाला धीर आला की उतरंल आपोआप.

डॉक्टरनं तपासलं तर एकशे पंच्याहत्तर. म्हणालं, ‘काहींचं दवाखान्यात भीतीनं वाढतं, घरचे आकडे दाखवा.’ मी वही दिली. दीड महिन्याचं आकडं, सगळं माझ्या हातचं. ‘छान आहे, गोळी तीच ठेवू,’ म्हणालं. तवाच तोंड उघडायचं हुतं की! पर ही शेजारी बसल्याली, हसत — कसं उघडू?

लग्नाला अकरा दिवस हुतं. पापड लाटताना लाटणं हातातनं गळालं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्षता टाकल्या तिनं, डाव्या हातानं — खुर्चीत बसवून नेलतं.

चार वर्सं झाली. पवित्रा माहेरी आली की त्या डॉक्टरला शिव्या देती — गोळी वाढिवली न्हाय म्हणून. पावण्यारावळ्यांत नाव नासवलं त्याचं. मी ऐकतो. कुणाला बोललो न्हाय आजवर, आन् तुमच्यापुढं —

हळू बोलाय पायजे हुतं. आता दुकानातच, ह्या पडद्यामागं खाट हाय तिची. झोपली आसंल... बोलाय येत न्हाय, पर ऐकाय सगळं येतंय तिला.

पडदा हलला न्हवं? तुम्हीबी बघितलासा?

जावा पावणं. मशीन न्या न्हायतर ठेवा. जावा.