नव्या पुस्तकातली पेन्सिल

चहा निवला तर निवू दे, पण हे आधी ऐका. बोईसरच्या आमच्या वाचनालयात नवी पुस्तकं आली आणि मी नुसती हरखून गेले. त्यातलं मासळीच्या पदार्थांचं गुळगुळीत पुस्तक मी स्वतः शेजारच्या नवापूर गावच्या मावशींना दिलं. मावशी बाजारात मासळी विकतात, म्हटलं खूश होतील.

आठवड्याने पुस्तक परत आलं, ते पानोपानी पेन्सिलीने लिहूनच. छापलं होतं, 'बोंबील धुऊन लगेच तळा.' खाली मावशींचं अक्षर : 'नाय. आदी वजनाखाली दाबून पानी काढा, मंग तला.'

मी तडकलेच. "मावशी, वाचनालयाच्या पुस्तकात लिहितात का?"

"मंग लोकांनी बोंबलाचा चिखल करून खायचा काय?"

नाइलाजाने तीच प्रत लोकांना देत राहिले आणि दुसरी मागवली. ती आल्या आल्या मोठ्या उत्साहाने कॉलनीतल्या एका वहिनींपुढे ठेवली. त्यांनी कोरी पानं चाळली आणि पुस्तक माझ्याकडे परत सरकवलं.

"ही नको हो. मावशींनी तपासलेली द्या."