फरसाणाच्या डब्याचं झाकण

भुकेचं काय सांगू गड्या, आई गेल्यापासनं आमच्या आबांची भूक लय वाढलेली. तासातासाला फरसाणाचा डबा उघडायचे. डॉक्टर म्हणाले, पोटाला धरून राहील असं घाला. मग मी ज्वारीची भाकरी अन् हुलग्याची उसळ सुरू केली आणि फरसाणाचा डबा रिकामा करून ठेवला. तरी परवा दोन भाकरी खाऊन उठले अन् परत झाकण वाजलं.

मी वैतागलोच. "आवं आबा, पोट भरलं न्हाई व्हय? त्यात काय न्हाई आता."

"ठावं हाय रं," आबा म्हणाले. "झाकण वाजलं की तुजी आई परड्यातनं वरडायची, 'आवं, आत्ताच जेवलासा न्हवं?' म्हणून वाजवून बघतो."