भिंतभर काडेपेट्या

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या घरात भिंतभर काडेपेट्या आहेत, त्या घरात दिवा लावायला एक काडी मिळू नये? हसू नका. आमच्याकडे मिळत नाही. एरवी मी चार माणसांत बोलत नाही, पाहुणे आले की दाराच्या पडद्यामागे असते, पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून सांगते.

त्याचं असं आहे, आमचे अण्णा एकलहऱ्याला वीजकेंद्रात फिटर. आम्ही राहतो नाशिकरोडला, दोन खोल्यांत: अण्णा, आई, विमलताई आणि मी. आणि अण्णांची सवय अशी, की कुणाचीही काडेपेटी संपली की रिकामी पेटी मागून आणायची. कँटीनमधून आणतात, पानवाल्याकडून आणतात, एकदा तर लग्नात जेवणं सोडून आचाऱ्याच्या मागे उभे होते. मग आईकडून खळ शिजवून घ्यायची, पेट्या एकावर एक भिंतीला चिकटवायच्या, प्रत्येकीच्या तोंडाला ओढायला एक गुंडी शिवायची, की झाला खण. एका खणात टाचण्या, एकात हुक, एकात सायकलचे छर्रे, एकात दोडक्याच्या बिया, एकात माझा पडलेला दुधाचा दात, कापसात गुंडाळून. दात कशाला हो अण्णा, म्हटलं, तर म्हणाले, "असू दे. लागतं कधीतरी."

आता दात कधी लागणार? पण अण्णांचं हे ठरलेलं. तुटका हुक, लागतं कधीतरी. छत्रीची काडी, लागतं कधीतरी. आणि तुम्हाला सांगते, राग येतो तो याचाच, की लागतं. शाळेच्या दारात माझ्या दप्तराचा पट्टा तुटला, तेव्हा अण्णांनी खिशातून जी कडी काढली ती बरोब्बर बसली.

कुठल्या खणात काय, हे लिहिलेलं नाही बरं का. सगळ्या पेट्यांवर चित्रही एकच. अण्णांना जागा पाठ. "खालून तिसरी रांग, खिडकीकडची." मला मात्र आवाज पाठ, कारण मी त्याच भिंतीला टेकून अभ्यास करते आणि दिवसभर कुणी ना कुणी एकेक खण ओढत, हलवत असतं. हे अंगात कधी आलं, मलाच कळलं नाही.

तर झालं काय, ताईला पाहायला एक पाहुणे येऊन गेले होते, निफाडचे. चहा प्यायले, भिंतीकडे बघितलं, आणि जिना उतरताना त्यांच्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "घर हाय का भंगाराचं दुकान?" नकार आला. ताई मोरीत नळ सोडून रडली. नळ सोडला की ऐकू येत नाही असं तिला वाटतं. माझ्या कानांचं मी सांगितलंच आहे.

आणि मग सिन्नरचं स्थळ आलं. दिवाकर, प्राथमिक शाळेत मास्तर. ताईने त्यांना आधी पाहिलं होतं, जयंतीच्या कार्यक्रमात, ते मुलांची नाटुकली बसवत होते आणि मुलांपेक्षा जास्त हसत होते. रात्री अंथरुणात मला हळूच म्हणाली, "ह्या वेळी नकार आला ना, तर मी परत कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन जायची नाही." ताई असं उगाच बोलत नाही.

हे आईनेही ऐकलं असावं, कारण पाहुणे यायच्या दिवशी, अण्णा बाजारात गेलेले बघून, तिने उलथनं घेतलं आणि भिंतीवरच्या सगळ्या पेट्या खरवडून काढल्या. सगळ्या. ट्रंकेत कोंबल्या, ट्रंक कॉटखाली सारली, वर स्वच्छ चादर टाकली. आणि त्या हातासरशी स्वयंपाकघरातली खरी काडेपेटीही गेली ट्रंकेत, कारण पेटी दिसली की उचल, असा हात बसला होता तिचा. काडीची आठवणही झाली नाही, कारण रॉकेल मिळत नव्हतं आणि स्वयंपाक सगळा विजेच्या शेगडीवर.

अण्णा आले, भिंत बघितली, पोपडे उडालेली. एकदा तिच्यावरून हात फिरवला. पण ताई नीट दिसावी म्हणून त्यांनी कुठूनसा एक मोठा बल्ब आणला होता, तो लावला. खोलीत असा उजेड पडला की आपलीच सावली बघून दचकावं.

पाहुणे आले, जयभीम झाला, कॉटवर ओळीने बसले: दिवाकर, त्यांच्या आई चिमणाबाई, आणि चिमणाबाईंचे धाकटे भाऊ गोटीराममामा. चिमणाबाई म्हणजे अशा, की बसल्या बसल्या त्यांनी पोपडे बघितले, बल्ब बघितला, मला पडद्यामागून ओढून विचारलं, "तुझं नाव काय गं?" मी अंगठ्याने जमीन उकरत होते. "मुकी हाय का?" आई म्हणाली, "लाजते हो." मग त्यांनी मामांचं कौतुक सुरू केलं. "आमच्या गोट्याला बिड्यांचा लय नाद व्हता. माझ्या पायावर हात ठेवून सोडल्या. आता वासबी नाय." मामा खाली मान घालून, "नाय आक्का, नाय."

ताईने पोहे दिले. आत आईने चहासाठी शेगडी लावली. मोठा बल्ब, वर शेगडी... फ्यूज गेला. सगळं अंधारगुडूप. डिसेंबर महिना, थंडीने दारं-खिडक्या बंद, हाताला हात दिसेना.

चिमणाबाई म्हणाल्या, "विजेत नोकरी ना तुमची?"

अण्णा म्हणाले, "टॉर्च आहे." टॉर्च होती. सेल रेडिओत होते, आणि ते रेडिओतच संपलेले. "मेणबत्ती?" मेणबत्तीही होती. "काडेपेटी?" आतून आई हळूच, "ट्रंकेत." "आणि फ्यूजची तार?" "तीही." मी दाराकडे सरकले, शेजारून काडी आणावी म्हणून, तर आईने दंडाला धरलं, "कुठे चाललीस? वीजवाल्याच्या घरात अंधार म्हणून सगळ्या आळीत बोभाटा होईल."

ट्रंक कुठे? पाहुण्यांच्या पायांखाली. "जरा पाय वर घेता?" म्हणून तिघांना कॉटवर मांडी घालायला लावली, ट्रंक ओढली, झाकण उघडलं आणि ढीग घरंगळला. आता अण्णांची ती खालून तिसरी रांग कुठली आणि खिडकीकडची बाजू कुठली? चाचपून एक पेटी उघडतात, टाचणी टोचते. दुसरी उघडतात, छर्रे सांडले, ते सगळ्या खोलीभर पळाले. ताई भिंतीशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. नळ सोडायच्या आधीचा श्वास. आणि तुम्हाला काय सांगू, अंधारात मला कुणी बघत नव्हतं ना, माझं तोंड उघडलं. "अण्णा, द्या इकडे."

एकेक पेटी कानाशी धरून हलवली. "ह्या गुंड्या. हे हुक. ह्या बिया."

"कसल्या गं?" चिमणाबाईंचा आवाज.

"दोडक्याच्या."

त्यांनी पेटी हातातून घेतली, चाचपली, हुंगली. "दोडकाच की गं." मग त्याच एकेक पेटी माझ्या हातात द्यायला लागल्या. "ही सांग. आता ही." कॉटवरून खाली उतरून बसल्या. दिवाकर म्हणाले, "आई, परीक्षा मुलीची घ्यायची होती," आणि ताईला हसू फुटलं. मग अण्णा म्हणाले, "तार पुठ्ठ्याला गुंडाळलीय, वाजायची नाही." म्हणजे न वाजणारी पेटी शोधायची. एक सापडली. चिमणाबाईंनी बोट घातलं. "कापूस हाय... आन ह्यो काय, दात?"

"माझा. दुधाचा."

त्या जे हसायला लागल्या... दुसरी न वाजणारी पेटी निघाली, तीत तार. आता तार बसवायला उजेड हवा. "काड्यांची ऐक पोरी," चिमणाबाई म्हणाल्या, "सगळे गप बसा रे." मी एक हलवली, दोन हलवल्या, आणि तेवढ्यात काड्यांचा तो सळसळ आवाज आलाच. पण ढिगातून नाही, कॉटवरून. मी आपली खरं ते बोलले, "मामांच्या खिशात आहे."

आईने माझ्या पाठीत चिमटा काढला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न, आणि माझ्याच तोंडाने.

"गोट्या," चिमणाबाई म्हणाल्या.

"आक्का..."

"काड आता. लाव."

काडी पेटली आणि उजेडात सगळ्यांत आधी मामांचं तोंड दिसलं, शाळेत पकडलेल्या पोरासारखं. मग दिवाकर हसले, ते जयंतीत हसले तसे, आणि ताई त्यांच्याकडे सरळ बघत होती, खाली मान वगैरे काही नाही. आईने शेगडी बंद केली, अण्णांनी तार बसवली, बल्ब लागला, आणि ते मामांना काय म्हणाले असतील? "पेटी संपली की टाकू नका. द्या मला. लागतं कधीतरी."

चिमणाबाईंनी जाताना पायरीवर सांगितलं, "पोरगी पसंत हाय. अन् लग्नात ह्या मुकीला आमच्या गोट्याच्या शेजारी बसवा, खिशावर कान ठेवून."

ताई सिन्नरला सुखात आहे. अण्णांचे उपकार कुठल्या तोंडाने मानू? म्हणून कुरकुर करत मानते. मामांची चोरी पकडली गेली, त्यामुळे आता ते उघड ओढतात, आणि दर पंधरवड्याला एसटीने पिशवीभर रिकाम्या पेट्या घेऊन येतात, जेवतात, अण्णांबरोबर चिकटवत बसतात. भिंत भरली. दुसरी भिंतही भरली. आईने परवा मला जवळ बसवून सांगितलं, "तुझ्यासाठी घर बघताना मी पहिलं हेच विचारणार, विड्या ओढणारं कुणी नाही ना?" मी म्हटलं, "बरोबर आहे आई, व्यसन वाईट."

तर म्हणाली, "व्यसनाचं राहू दे गं. भिंत कुठे उरलीय?"